बॉल्डनांच्या उंबऱ्याबाहेर

ओझेला बॉल्डनचा हात कुणी आपणहून हातात घेत नाही. आता पन्नाशी उलटली तिची. सवाना शहराच्या पश्चिमेकडची अख्खी काळी वस्ती तिला ओळखते, चर्चमध्ये पुढच्या बाकावर तिची जागा ठरलेली आहे. आणि तरी प्रार्थना संपून शेजाऱ्याचा हात धरून 'देव भलं करो' म्हणायची वेळ आली, की तिच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना नेमकी तेव्हाच पर्समधली किल्ली शोधायची असते. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. त्याच बायका आपली आई गेली की तिला शेवटची अंघोळ घालायला, केस विंचरायला, ओठांना रंग लावायला ओझेलाकडेच आणतात. फक्त आईच्या थंड गालावरून फिरलेला हात आपल्या हातात घ्यायचा म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. ज्याच्यावाचून अडतं त्याच्याशीच माणसं जरा अंतर ठेवून वागतात, ही काही सवानाचीच रीत नाही.

धंदा तिच्या आजोबांपासूनचा. दुमजली लाकडी घर, खाली अंत्यविधीचं काम आणि वर राहायची जागा. ओझेला लहानपणापासून मेलेल्यांच्या डोक्यावर झोपून मोठी झाली, आणि तिला त्यांची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती शाळेतल्या जिवंतांची. गोल करून खेळायच्या खेळात तिच्या दोन्ही बाजूंना गोल तुटलेला असायचा. तिच्या डब्यातल्या सँडविचला म्हणे औषधाचा वास यायचा. एकदा एका पोरीनं भर वर्गात विचारलं, "काय गं ओझेला, काल रात्री तुमच्याकडे जेवायला कोण कोण होतं? म्हणजे, जिवंतांपैकी?" वर्ग पोट धरून हसला. ओझेलाही हसली. हसली नसती तर रडावं लागलं असतं.

तिचे वडील होझिया बॉल्डन उंच, सडपातळ, हळू बोलणारे. उन्हाळ्यात अंगाची लाही होत असतानाही त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडायची नाही. ओझेला त्यांना डॅडी म्हणायची आणि संध्याकाळी शाळेतून आली की त्यांच्या कामाच्या खोलीत स्टूल ओढून अभ्यासाला बसायची. डॅडी काम करता करता बोलत असायचे, पण तिच्याशी नाही. "मिस्टर ग्रीन, मान जरा वर घेतो हं तुमची. टाय घट्ट नाही ना झाला?" मिस्टर ग्रीननी उभा जन्म बंदरावर गोणी वाहिल्या होत्या, आणि केस पिकले तरी गोरा मुकादम त्यांना 'ए पोरा' म्हणूनच हाक मारायचा. "आडवं झाल्यावर तरी माणसाला माणसासारखं बोलावं," डॅडी म्हणायचे. "उशीर झाला म्हणून काय झालं?"

कॉलेजात गेल्यावर ओझेलानं ठरवून टाकलं की इथं कुणाला काही सांगायचं नाही. कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि मुलं बाहेरगावची. कुणी विचारलं तर ती सांगायची, "माझे वडील गाड्या चालवतात. मोठ्या, काळ्या." ते खोटंही नव्हतं.

त्या वर्षी बाहेरून आलेल्या एका वक्त्याच्या भाषणावरून कॉलेजातल्या काळ्या आणि ज्यू मुलांची चांगलीच जुंपली. भिंतींवर पत्रकं लागली, त्यांना उत्तर म्हणून दुसरी पत्रकं लागली. ग्रंथालयात माणसं टेबलं बदलून बसायला लागली. शेवटी कॉलेजच्या पाद्रीणबाई, रेव्हरंड थॉमसिना क्रू, मधे पडल्या. बाई अंगानं आडव्या आणि बोलायला तिखट. त्यांनी दर गुरुवारी संध्याकाळी पंगत मांडली. एक काळं मूल, एक ज्यू मूल, अशी बसायची पद्धत. "भांडायचं असेल तर पोटभर जेवून भांडा," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी भांडणारा माणूस फक्त किंचाळतो."

पहिल्या गुरुवारी ओझेलाच्या शेजारी नाहूम रापापोर्ट आला. मेम्फिसचा, हाडकुळा, डोक्याला छोटी काळी टोपी. हातात खोलीवर स्वतः रांधून आणलेला टिनचा डबा, कारण तिथलं अन्न त्याला चालत नव्हतं. सगळे एकमेकांशी हस्तांदोलन करत होते. ओझेलानं जुन्या सवयीनं हात मांडीवर दाबून ठेवले. नाहूमनंही आपले हात पाठीमागे नेले. परक्या बाईला हात लावायचा नाही असा त्याच्या घरचा नेम होता, आणि तो कसा सांगायचा या विचारानं त्याला दरदरून घाम फुटला होता. दोघांनी एकमेकांच्या न आलेल्या हातांकडे पाहिलं आणि दोघांच्याही जिवात जीव आला.

"मी तुझ्याशी हात मिळवत नाही, पण त्याचं कारण तू नाहीस," नाहूम घाईघाईनं म्हणाला.

"मीही मिळवत नाहीये," ओझेला म्हणाली. "आणि मी कारण सांगणार नाही."

मैत्री तिथून जमली. आयुष्यात पहिल्यांदा तिला असा माणूस भेटला होता की ज्याच्यापाशी हाताचा प्रश्नच उद्भवत नव्हता. नाहूमही कॉलेजात एकटाच होता. बाकीची ज्यू मुलं सणावारापुरती ज्यू होती, शनिवारी ती समुद्रावर जायची, आणि हा खोलीत पडदा ओढून एकटा प्रार्थना म्हणत बसायचा. त्यांना तो म्हाताऱ्यासारखा वाटायचा. ओझेला त्याच्या डब्यावरून त्याला छळायची. "आज काय बाबा? परत अंडं? तुमच्या देवाला कोंबडी माहीत आहे ना?" तो म्हणायचा, "माहीत आहे, पण तिला कापायचं कसं यावर त्याची फार मतं आहेत." ती खळखळून हसायची. ती इतकी हसू शकते हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी वसंतात तिनं त्याला रविवारच्या जेवणाला बोलावलं. घरी तोवर कधी कुठली मैत्रीण जेवायला आलेली नव्हती, मग मित्राची गोष्ट सोडाच. तिची आई इर्मा हरखून गेली. नाहूमच्या धर्मात चालेल असंच रांधायचं म्हणून तिनं नवं कोरं भांडं आणलं. कोळंबी घरात येऊ दिली नाही. भाजीत डुकराचा तुकडा टाकला नाही, आणि हे इर्मासाठी सोपं नव्हतं, तिच्या आईनं थडग्यात कूस बदलली असेल. खवल्यांचा मासा आणून तो सबंधच्या सबंध पातळ चंदेरी कागदात गुंडाळून भाजला, कारण पंगतीत ओझेलानं पाहिलं होतं की नाहूमला कागदात गुंडाळलेलं चालतं. डॅडींनी रविवारचा टाय लावला. ओझेलानं मात्र एक गोष्ट तेव्हाही नाहूमला सांगितली नाही. येईल तेव्हा दिसेलच, असं तिनं मनाशी म्हटलं. एकदा आत येऊन मासा खाल्ला की मग कोण परत जातं?

तो कॉलेजातून चालत आला. हातात आईनं पाठवलेल्या लोणच्याची बरणी. फाटकाशी येऊन त्यानं मान वर करून पाटी वाचली आणि जागच्या जागी थबकला. मग तो मागे मागे जात थेट रस्त्याच्या पलीकडे गेला.

ओझेला पायऱ्या उतरून धावली. "इकडे ये ना! हेच घर."

"ओझेला, आत कुणी आहे का?"

"म्हणजे काय? ममा आहे, डॅडी आहेत..."

"ते नाही. खाली. खाली कुणी आहे?"

"खाली मिस्टर ड्युप्री आहेत. उद्या त्यांचं दफन आहे."

नाहूमचा चेहरा पांढराफटक पडला. "मला येता येणार नाही," तो म्हणाला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण वरच्या खिडकीत इर्मा उभी होती, शेजारची माणसं व्हरांड्यात बसून बघत होती, आणि त्या सगळ्यांसमोर त्याला ते सांगवेना. बरणी त्यानं तिथंच फुटपाथवर ठेवली आणि तो निघून गेला.

वर गेल्यावर इर्मा एवढंच म्हणाली, "हे तोंड मी पाहिलंय. माझ्या लहानपणी दुकानांतून, बसमधून, सगळीकडे पाहिलंय." ओझेलाला मात्र ते दुसरंच तोंड वाटत होतं, शाळेतल्या गोलातलं. दोघींची वेगवेगळी जखम, आणि मासा एकच. तो त्यांनी खाल्ला. डॅडींनी टाय काढला आणि ते खाली मिस्टर ड्युप्रींकडे गेले.

पुढच्या गुरुवारी ती पंगतीला गेली नाही. शुक्रवारी नाहूम तिच्या वर्गाबाहेर उभा होता. त्यानं जे सांगितलं ते असं: त्याचं घराणं जुन्या देवळातल्या पुरोहितांचं. देऊळ पडून कैक शतकं झाली, पण घराण्याचा नेम सुटलेला नाही. मेलेलं माणूस ज्या छपराखाली असेल त्या छपराखाली त्यानं जायचं नाही. उघड्यावरसुद्धा चार हात लांब राहायचं. आई, बाप, भावंडं, बायको, मुलं गेली तरच मोकळीक. स्वतःच्या आजोबांच्या दफनालाही तो स्मशानाच्या भिंतीबाहेर उभा होता.

"म्हणजे आमच्या घराचा तुला विटाळ होतो," ओझेला म्हणाली.

"विटाळ... हो. म्हणजे, तसं नाही."

"मग कसं?"

"तसंच आहे," तो हताशपणे म्हणाला. "पण तुमचा नाही. मृत्यूचा. पण ओझेला, तू दीड वर्ष मला सांगितलं का नाहीस? मला ठाऊक असतं तर मी आधीच सांगितलं असतं, तुझ्या आईला एवढा त्रास पडला नसता."

"कारण तू जे केलंस तेच तू करशील असं वाटलं होतं."

घरी येऊन तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा डॅडी कितीतरी वेळ हसत राहिले. "गोरी माणसं याहून फालतू कारणांनी या घरात आलेली नाहीत," ते म्हणाले. "हा निदान मिस्टर ड्युप्रींना बघून पळाला, आपल्याला बघून नाही." इर्माला हसू आलं नाही. "पळाला ना? मग झालं तर," ती म्हणाली.

यावर उपाय साधा होता. घर रिकामं असेल त्या दिवशी त्यानं यावं. दोनदा ठरलं, आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री कुणीतरी गेलं. "तुझ्या मित्रासाठी गावाला मरायचं थांबवायला सांगू का?" डॅडी म्हणाले. मग एक वेगळीच रीत पडली. नाहूम रविवारी दुपारी यायचा आणि रस्त्याच्या पलीकडे, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. डॅडी कुंपणाला टेकून उभे राहायचे. मधून गाड्या जायच्या, आणि दोघं जरा आवाज चढवून गप्पा मारायचे. मेलेल्याला न्हाऊ घालायची नाहूमच्या लोकांची रीत कशी, पांढरं साधं कापड का, पेटीला खिळेसुद्धा लाकडाचे का, हे सगळं डॅडींना हवं असायचं. "आणि चेहरा दाखवत नाही कुणाला? मग लोक निरोप कुणाचा घेतात?" असं ते ओरडून विचारायचे. ओझेला फाटकात बसून ऐकायची. लोक बघायचे आणि म्हणायचे, बॉल्डनांच्या पोरीनं शेवटी एक मित्र गाठला, पण तोही रस्त्यापलीकडचा.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात डॅडींचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. ते वरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे आणि खालचं काम आता ओझेला करायची, कॉलेज सांभाळून. तिच्या वयाच्या मुली नाचायला जायच्या, ही दाढी करायची, परक्या म्हाताऱ्यांची. काम संपवून वर गेली की डॅडी विचारायचे, "तो तुझा रस्त्यापलीकडचा काय म्हणतो? त्याला एकदा समोर बसवून बोलायचं होतं. ओरडायला आता दम नाही."

हे तिनं नाहूमला सांगितलं. आणि तिनं प्रथमच त्याच्याकडे काही मागितलं. "काहीतरी वाट काढ ना."

नाहूम आपल्या धर्मगुरूंकडे गेला. चार दिवसांनी तो ग्रंथालयात धावतच आला. टोपी तिरकी झाली होती. "मी येऊ शकतो! परवानगी मिळाली!"

"खरंच?" ओझेला उठून उभी राहिली. "कशी?"

"जुन्या ग्रंथांत एक मत आहे. सगळे मानत नाहीत ते, पण अडीअडचणीला त्याचा आधार घेता येतो. छपराखालचा विटाळ फक्त आमच्या माणसांच्या देहाचा. जे ज्यू नाहीत, त्यांचा देह छपराखाली असला तरी..." आणि इथं तो थांबला.

ओझेला त्याच्याकडे बघत होती. "असला तरी काय?"

"तरी विटाळ नाही," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे खाली मिस्टर ड्युप्री असले काय किंवा तांदळाचं पोतं असलं काय, सारखंच."

"ओझेला, तसं लिहिलेलं नाहीये, त्याची कारणं फार वेगळी..."

"आमची माणसं मरतात तीसुद्धा पुरती मरत नाहीत तर." तिनं वह्या गोळा केल्या. "जिवंतपणी आम्ही कमी, हे ऐकून होते. मेल्यावरही कमी, हे मात्र आज नवीन कळलं."

तिच्या रागात अन्याय होता, हे ती नंतर स्वतःच म्हणायची. पोरगा बिचारा दार शोधायला गेला होता आणि जे दार उघडं दिसलं ते घेऊन आला होता. पण ज्या घरात मुकादमाच्या 'ए पोरा'ला 'मिस्टर' करण्यात तीन पिढ्या खपल्या, त्या घरातल्या मुलीनं हे ऐकून 'या, बसा' म्हणायचं तरी कसं?

आठवड्यानं नाहूमनं तिला आवारात गाठलं. तो आजारल्यासारखा दिसत होता. "मी ती परवानगी परत केली," तो म्हणाला. "त्यांना सांगितलं, मला नको. मी त्या मतावर तुझ्या घरात येणार नाही. कारण..."

"राहू दे," ओझेला म्हणाली. "आधी यायचं नव्हतं तेव्हा नेम होता, आता यायची वेळ आली तेव्हा परवानगी परत केली. नसेल यायचं तर बाहेरच रहा ना. कारणं कशाला?"

तिनं त्याला बोलू दिलं नाही. गुरुवारी पंगतीला जायचं तिनं बंद केलं. रविवारी दुपारी तो येऊन पायरीवर बसायचा, पण ती फाटकात यायची नाही आणि डॅडींना खिडकीपर्यंत यायला जमायचं नाही. मग त्याचंही येणं थांबलं. डॅडी विचारायचे आणि ती सांगायची, "परीक्षा आहे त्याची." डॅडींना खोटं ओळखता यायचं, सगळं आयुष्य त्यांनी रडणाऱ्यांत घालवलं होतं, त्यातले खरे कोण ते त्यांना कळायचं. ते दोन महिने ओझेलाच्या आयुष्यातले सगळ्यांत एकटे. खाली मेलेले, वर मरणारा, आणि मधल्या जिन्यावर ती.

एप्रिलमध्ये डॅडी गेले. नाहूमला समोर बसवून बोलायचं राहूनच गेलं.

ज्यानं अख्ख्या गावाला न्हाऊमाखू घातलं त्याला न्हाऊ कोण घालणार? शेजारच्या गावचा व्यावसायिक मदतीला यायला तयार होता. ओझेलानं त्याला दारातूनच परत पाठवलं. तिनं एकटीनं डॅडींना अंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला. टायची गाठ मारताना ती म्हणाली, "मान जरा वर घेते हं, मिस्टर बॉल्डन," आणि तिला वाटलं आता तरी रडू येईल. आलं नाही. रडणाऱ्यांना रुमाल द्यायची इतकी सवय होती की आपण रडायचं कसं हेच ती विसरली होती.

दफनाच्या दिवशी गाव लोटलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनी रांधून आणलेल्या पातेल्यांनी स्वयंपाकघर भरून गेलं, बाप्ये व्हरांड्यात टोप्या हातात घेऊन उभे. प्रत्येक जण ओझेलापाशी येऊन मान लववत होता, 'तुझा बाप देवमाणूस होता' म्हणत होता, आणि हात आपल्यापाशीच ठेवून पुढे सरकत होता. सकाळी कधीतरी तिनं खिडकीतून पाहिलं. चपलांच्या दुकानासमोर नाहूम उभा होता. काळा सूट, काळी टोपी. मेम्फिसची गाडी पकडायच्या ऐवजी इथं आला असणार, कारण त्यांच्या सणाची सुट्टी लागली होती. तिला क्षणभर वाटलं, येईल. आज तरी रस्ता ओलांडून येईल. परवानगी त्याला एकदा मिळालेलीच होती. मागितली तर पुन्हा मिळाली असती.

तो आला नाही. माणसं घरात जात होती, बाहेर पडत होती, आणि तो उन्हात तसाच उभा. इर्मानंही त्याला पाहिलं. "आलाय बघ तुझा," ती म्हणाली. "आजसुद्धा आपला उंबरा त्याला जड झालाय."

चर्चपाशीही तो बाहेरच उभा होता, आणि विधी संपायच्या आधी परत दुकानासमोर येऊन थांबला. चर्चमधून अंत्ययात्रा स्मशानाकडे निघाली ती पुन्हा घरावरूनच, कारण बॉल्डनांच्या दारावरून शेवटचं नेल्याशिवाय गावाला चैन पडलं नसतं. पुढे काळी गाडी, तिच्यात डॅडी. मागच्या गाडीत ओझेला आणि इर्मा. घरासमोर गाडी मंद झाली तेव्हा फुटपाथवरची माणसं आपोआप पुढे आली. ज्यांच्या आया, ज्यांचे बाप, ज्यांची लेकरं होझिया बॉल्डननी शेवटची सजवली होती, ती सगळी गाडीला हात लावायला पुढे सरकली. कुणी टपावर तळवा टेकवला, कुणी काचेवर. म्हातारे काठी टेकत आले. अख्खा रस्ता त्या गाडीकडे झुकला.

नाहूम एकटा मागे सरकला.

गाडी त्याच्या बाजूनं येत होती आणि तो पावलापावलानं मागे जात होता, दुकानाच्या बंद दाराला पाठ टेकेपर्यंत. तिथंही अंतर पुरेना, तेव्हा तो भिंत धरून आडवा सरकला, शेजारच्या बोळाच्या तोंडापर्यंत. लोकांनी पाहिलं. एका बाईनं त्याच्याकडे बघून मोठ्यानं काहीतरी म्हटलं. एक पुरुष त्याच्या दिशेनं थुंकला. नाहूमनं मान खाली घातली, पण तो पुढे आला नाही.

"बघ," इर्मा दात आवळून म्हणाली. "बघ कसा मागे सरकतोय. माझा नवरा जाताना बघ कसा सरकतोय."

ओझेला बघत होती. आणि तिला, दोन महिने तिनं ज्याला तोंड उघडू दिलं नव्हतं, त्याचं ते 'कारण' एकदम पुरतं कळलं. त्या मतावर चालला असता तर तो आज आरामात घरात आला असता, रांगेत उभा राहिला असता, सगळ्यांनी त्याला चांगलं म्हटलं असतं. फक्त त्याला मनात म्हणावं लागलं असतं की या पेटीत आहे ते मोजण्यासारखं नाही. ते म्हणायला तो तयार नव्हता. तो आज चार हात लांब उभा होता, जसा स्वतःच्या आजोबांपासून उभा राहिला होता. सगळ्या रस्त्यासमोर अपमान गिळून. आणि तो कशासाठी गिळतोय हे त्या एवढ्या मोठ्या गर्दीत फक्त तिला माहीत होतं.

तिला रडू फुटलं. छाती फुटेल असं. दाढी करताना, टाय बांधताना, झाकण लावताना जे आलं नव्हतं, ते सगळं आता आलं.

"सरकणारच तो, ममा," ती हुंदक्यांतून म्हणाली. "माझे डॅडी गेलेत ना. खरंच गेलेत."

इर्माला त्यातलं काय कळलं कोण जाणे. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती काचेतून बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या मुलाकडे बघत राहिली.